धुराच्या वाटेवरचं पाणी

बाळा, धुळ्याच्या आयटीआयतून डिझेल मेकॅनिकचा कागद घेतलास आणि आता रत्नागिरीला, मिरकरवाडा बंदरावरच्या वर्कशॉपात निघालास, हे ऐकून मला फार बरं वाटलं. तुझ्या आईला काळजी आहे. पोरानं समुद्र पाहिला नाही, बोटीचं इंजिन कसं सांभाळणार, असं ती म्हणते. माझ्या ताईला सांग, आपल्या शिवाराजवळून वाहणारी तापी शेवटी सुरतेपाशी समुद्रालाच मिळते, आणि नरडाण्याच्या स्टेशनावरून सुरतेची गाडी धरून खानदेशातली कितीतरी माणसं त्याच वाटेनं पोटापाण्याला गेली. मीही गेलो. आधी विहिरींवरची इंजिनं केली, मग मगदल्ल्याचे बार्ज, मग कोकणातल्या लाँच आणि ट्रॉलर. त्या कामात हाताला जे लागलं ते तुला सांगून ठेवतो. हे सगळं एकाच विषयाचं आहे: बोटीच्या इंजिनाचा धूर थंड करणारं पाणी.

इंजिन उघडायला तुला येतं. व्हॉल्व्ह बसवणं, नोझल तपासणं, पंपाची हवा काढणं हे सगळं तू शिकलास. पण बोटीवर नांगर टाकायची पाळी येते तेव्हा दोष पिस्टन-लायनरमध्ये क्वचित सापडतो. बहुतेक वेळा पाणी जिथं यायला हवं तिथं आलेलं नसतं, नाहीतर जिथं यायला नको तिथं शिरलेलं असतं. या दोन्ही गोष्टींची वाट एक्झॉस्टमधून जाते. म्हणून बोटीवर पाऊल ठेवलंस की आधी इंजिनाकडं जाऊ नकोस. मागं जाऊन एक्झॉस्टच्या तोंडातून पाणी कसं पडतंय ते बघ.

तुला हे समजायला अवघड नाही, कारण याचं मूळ आपल्या विहिरीवर आहे. लिस्टर पद्धतीचं ते जुनं इंजिन, मिनिटाला ६५० फेरे घेणारं, तुझ्या आजोबांच्या मळ्यात होतं. त्याला रेडिएटर नव्हता. पंपाच्या डिलिव्हरी पाइपाला बारीक नळी काढायची, विहिरीचं पाणी तिच्यातून सिलिंडरच्या जॅकेटमध्ये सोडायचं, आणि वरून निघालेलं गरम पाणी पाटात. थंडीत गडीमाणसं त्याच पाण्यानं अंघोळ करायची. खडकीच्या किर्लोस्करांचं इंजिन असो नाहीतर सातारा रोडच्या कूपरचं, व्यवस्था हीच. बोटीला समुद्र हीच विहीर. फरक इतका की समुद्राचं पाणी खारं, आणि इंजिन थंड करून झाल्यावर त्याच पाण्याकडून धूरही थंड करून घ्यायचा.

आता पाण्याची वाट नीट ध्यानात घे. बोटीच्या तळाला भोक, त्यावर सी-कॉक, म्हणजे पाणी बंद करायची तोटी. मग जाळीचा डबा, म्हणजे स्ट्रेनर. मग रबरी इम्पेलरचा पंप. तिथून हीट एक्स्चेंजर. त्यात बारीक नळ्यांतून खारं पाणी जातं आणि नळ्यांच्या बाहेरून इंजिनाचं आतलं गोडं पाणी फिरतं. दोन्ही पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, फक्त उष्णता देतात-घेतात. एक्स्चेंजरमधून निघालेलं खारं पाणी शेवटी मिक्सिंग एल्बोत धुरात सोडलं जातं. लोडवर डिझेलचा धूर मॅनिफोल्डपाशी ४०० ते ६०० अंश सेल्सियसपर्यंत जातो. पाणी मिसळलं की तोच धूर रबरी होजमधून जाण्याइतका निवतो. पुढं वॉटरलॉकचा डबा, पाणी परत इंजिनाकडं येऊ न देणारा, आणि शेवटी बोटीच्या मागच्या फळीतून धूर-पाणी बाहेर.

सगळ्या कोकणात अशीच बोट भेटेल असं समजू नकोस. मासेमारीच्या पुष्कळ लाकडी बोटींना सुका एक्झॉस्ट असतो. धूर केबिनच्या वर पाइपानं सरळ आकाशात. तिथं मॅनिफोल्डला पाण्याचं जॅकेट असेल, पण पाइपात पाणी नसतं. त्याची काळजी वेगळी, ती पुढं सांगतो. प्रवासी लाँच, फायबरच्या गस्ती बोटी, पर्यटकांच्या बोटी यांच्यात ओला एक्झॉस्ट जास्त दिसेल, आणि वर्कशॉपात तुझ्या वाट्याला तेच जास्त येतील.

सुरुवात इम्पेलरपासून कर. सगळ्यांत स्वस्त भाग हाच आणि सगळ्यांत जास्त बोटी यानंच अडतात. हा रबराचा चक्रीपंप पाण्याचंच वंगण घेतो. सी-कॉक बंद ठेवून इंजिन चालू केलं तर मिनिटभरातच त्याच्या पाकळ्या जळायला लागतात. म्हणून चावी फिरवण्याआधी सी-कॉकला हात लावून बघायची सवय लाव, डोळ्यांवर विसंबू नकोस. इम्पेलर वर्षाला एकदा बदल, तो चांगला दिसत असला तरी. काढल्यावर पाकळ्या मोज. एखादी कमी असेल तर ती कुठं गेली ते शोधल्याशिवाय झाकण लावायचं नाही. ती बहुतेक हीट एक्स्चेंजरच्या तोंडाशी अडकलेली सापडते. नवा इम्पेलर टाकून जुन्या पाकळीचा तुकडा आतच ठेवला तर पाणी कमीच येणार, आणि मालक म्हणणार मिस्त्रीनं काहीच केलं नाही. त्याचं म्हणणं बरोबर असेल.

इम्पेलर बसवताना ग्रीस लावू नकोस. खनिज तेलानं ते रबर फुगतं. मेडिकलच्या दुकानातली ग्लिसरीनची बाटली घे किंवा साबणाचं पाणी वापर. पाकळ्या पंपाच्या फिरण्याच्या उलट दिशेला झुकलेल्या ठेव. चुकून उलट्या बसल्या तर पंप फिरताच त्या स्वतःहून वळतात, पण सरळ बसवण्यात कारागिरी आहे आणि पाकळ्यांवर ताणही येत नाही. झाकणाच्या आतल्या बाजूवर चर पडलेत का ते नखानं तपास. चर खोल असतील तर नवा इम्पेलरही पुरेसं पाणी ओढत नाही. पुष्कळ पंपांचं झाकण उलटं करून लावता येतं, त्यानं एक हंगाम निघतो.

स्ट्रेनरची जाळी रोज बघायची. मुंबईच्या बाजूला गेलास तर प्लास्टिकच्या पिशव्या, खाडीत ओहोटीला गाळ, पावसाळ्यानंतर जेलीफिश. सी-कॉक महिन्यातून एकदा तरी पूर्ण बंद करून उघड. वर्षभर न हललेला सी-कॉक नेमका पाणी शिरण्याच्या वेळी हलत नाही. त्याच्या शेजारी त्या मापाची लाकडी खुंटी दोरीनं बांधून ठेव. होज निसटला तर तीच भोकात ठोकायची असते.

पाण्याच्या पातळीखाली पितळ वापरू नकोस. बाजारात फिटिंग मागितलं की दुकानदार पितळेचं देतो, चकाकतं आणि स्वस्त पडतं. खाऱ्या पाण्यात पितळेतलं जस्त निघून जातं आणि मागं गुलाबी, ठिसूळ तांबं उरतं. हातानं दाबलं तरी मोडतं. कांस्य माग, बिल वाढलं तरी चालेल. क्लिपाही तशाच. पट्टी स्टेनलेसची असते पण स्क्रू साधा लोखंडी असतो. खिशात लोहचुंबक ठेव आणि स्क्रूला लावून बघ. चिकटला तर ती क्लिप होजवर चढवू नकोस. पाण्याच्या पातळीखालच्या आणि एक्झॉस्टच्या प्रत्येक जोडाला दोन-दोन क्लिपा, स्क्रू समोरासमोर.

हीट एक्स्चेंजरबद्दल जरा थांबून सांगतो, कारण इथं आपल्या माणसाचा हात सहज चुकतो. विहिरीच्या इंजिनाच्या जॅकेटात खडू जमला की आपण लोखंडी गज घालून खरवडतो. तिथं ओतीव लोखंडाची जाड भिंत असते, चालतं. इथं नळ्या तांबं-निकेलच्या, पातळ. लोखंडी गज घातलास की आतून ओरखडा पडतो आणि त्याच जागी गंज धरून नळी फुटते. मग खारं पाणी इंजिनात. लाकडाची गोल काडी किंवा नायलॉनचा ब्रश वापर. घट्ट खवल्यांसाठी लिंबूसत्व कोमट पाण्यात विरघळवून रात्रभर भिजवून ठेव. ॲसिड वापरायची वेळ आलीच तर आधी पाणी घे, त्यात ॲसिड सोड. ॲसिडात पाणी कधीच ओतायचं नाही. हातमोजे आणि चष्मा हवाच. ॲल्युमिनियमच्या भागाला ॲसिडचा स्पर्श होऊ देऊ नकोस. नंतर सोड्याच्या पाण्यानं धू.

खवले बसूच नयेत यासाठी एक आकडा लक्षात ठेव. एक्स्चेंजरमधून निघणारं खारं पाणी ५५ अंशांच्या खाली राहायला हवं. त्याच्या वर गेलं की पाण्यातले क्षार वेगानं नळ्यांत चिकटायला लागतात. नळ्या आवळल्या की पाणी आणखी तापतं, आणि आणखी क्षार बसतात. हे एकदा सुरू झालं की हंगाम संपायच्या आत इंजिन गरम पडायला लागतं. ज्या जुन्या इंजिनांना एक्स्चेंजर नाही, समुद्राचं पाणी सरळ जॅकेटमधून फिरतं, त्यांचा थर्मोस्टॅट म्हणूनच साधारण ६० अंशांचा असतो. गोड्या पाण्याच्या इंजिनाचा ८० च्या वरचा थर्मोस्टॅट त्यात टाकला की महिन्याभरात जॅकेट दगडासारखं भरतं. दुकानात मिळतो तो टाकला, असं कुणी म्हणालं तर ऐकू नकोस.

एक्स्चेंजरमध्ये जस्ताची कांडी असते, लहानशी, प्लगला लावलेली. खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू एकत्र आले की एक खाल्ला जातो. ती पाळी तांब्यावर येऊ नये म्हणून जस्त पुढं करतात. कांडी निम्मी झाली की बदल. प्लगच्या आट्यांना टेफ्लॉन टेप गुंडाळू नकोस, धातूला धातू लागला तरच कांडी काम करते. आणि इथं आपल्या भागातली गोष्ट आठवते. नंदुरबार जिल्ह्यात नर्मदेच्या फुगवट्यात आरोग्य खात्याचे तरंगते दवाखाने चालतात, अक्कलकुवा-धडगावच्या नदीकाठच्या पाड्यांना तोच आधार. पुढं कधी तसल्या बोटीचं काम हाती आलं तर ध्यानात ठेव: गोड्या पाण्यात जस्तावर थर बसतो आणि ते निरुपयोगी होतं. तिथं मॅग्नेशियमची कांडी लागते. खाडीच्या मचूळ पाण्यात ॲल्युमिनियमची चांगली. गोड्या पाण्याच्या बोटीला खवल्यांची भीती कमी, पण पुराच्या पाण्यातला गाळ आणि पालापाचोळा स्ट्रेनर भरून टाकतो, तेव्हा तिथली जाळी दिवसातून दोनदा बघावी.

आता मिक्सिंग एल्बो. माझ्या मते ओल्या एक्झॉस्टच्या बोटीवर सगळ्यांत दुर्लक्षित आणि सगळ्यांत धोक्याचा भाग हाच आहे. एका बाजूनं तापलेला धूर, दुसऱ्या बाजूनं खारं पाणी, मध्ये काजळी आणि मीठ. आतून तो हळूहळू बुजत जातो. बुजलेल्या एल्बोची खूण काळा धूर, आरपीएम न चढणं, आणि इंजिनाचं तापमान पूर्वीपेक्षा चार-सहा अंश वर राहणं. अशा वेळी लोक नोझल बदलतात, पंप कॅलिब्रेट करतात, पैसे घालवतात, आणि एल्बो तसाच राहतो. वर्षातून एकदा तो उतरव आणि आत टॉर्च मारून बघ. काजळीचा गठ्ठा पेचकसानं निघत नसेल तर भाग बाहेर नेऊन भिजव, ठोकाठोकी करू नकोस.

बुजण्यापेक्षा वाईट म्हणजे आतल्या भिंतीला भोक पडणं. एल्बोला पाण्याची आणि धुराची अशा दोन वाटा असतात, मध्ये एक भिंत. ती गंजून फुटली की इंजिन बंद केल्यावर पाणी उलट्या दिशेनं व्हॉल्व्हमधून सिलिंडरमध्ये उतरतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सेल्फ मारलास की पिस्टन पाण्यावर आदळतो. पाणी दाबलं जात नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो. डिपस्टिकवर तेल ताकासारखं पांढुरकं दिसलं तर सेल्फला हात लावू नकोस. नोझल काढ, इंजिन हातानं फिरवून पाणी बाहेर घालव, तेल आणि फिल्टर बदल. मग चालू कर, थोडं चालव, पुन्हा तेल बदल. हे त्याच दिवशी झालं तर इंजिन वाचतं. आठवडा गेला की बेअरिंग, रिंगा, लायनर सगळ्यांना गंज.

सेल्फचीच आणखी एक गोष्ट, ही पोरांना कुणी सांगत नाही. इंजिन सुरू होत नसलं तर आपण सेल्फ मारतच राहतो. विहिरीवर त्यानं फार तर बॅटरी उतरते. बोटीवर प्रत्येक सेल्फला पंप पाणी ओढतो आणि एक्झॉस्टमध्ये टाकतो. इंजिन चालत नसल्यामुळं ते बाहेर ढकलायला धुराचा जोर नसतो. वॉटरलॉक भरतो, मग पाणी मागं सरकत इंजिनात येतं. म्हणून दोन-तीन सेल्फमध्ये इंजिन लागलं नाही तर सी-कॉक बंद कर. मग हवा काढ, डिझेल बघ, जे काय ते कर. इंजिन लागताक्षणी सी-कॉक उघड, कारण इम्पेलर सुका चालतोय. वॉटरलॉकला तळाशी निचऱ्याचा प्लग असेल तर तो उघडून डबा रिकामा करून मगच पुन्हा प्रयत्न कर. ओढून नेणाऱ्या बोटीच्या मागं, इंजिन बंद असताना जोरात जाऊ नये, त्यानंही मागच्या तोंडातून पाणी चढतं.

बोट बंदरात उभी असताना पाणी आत येण्याचा तिसरा रस्ता सायफनचा. एल्बोत पाणी सोडायची जागा बाहेरच्या पाण्याच्या पातळीखाली असेल, किंवा फक्त १५ सेंटिमीटर वर असेल, तर बंद इंजिनातूनही पाणी हळूहळू ओढलं जाऊन एक्झॉस्ट भरतं. त्यावर उपाय म्हणजे होजचा उलटा वळसा त्या पातळीच्या निदान ३० सेंटिमीटर वर नेणं आणि त्याच्या माथ्यावर हवा घेणारा छोटा व्हॉल्व्ह बसवणं. या व्हॉल्व्हमध्ये मीठ जमून तो बंद पडतो. गरम गोड्या पाण्यात धुऊन, फुंकून बघ. असा व्हॉल्व्ह आहे हेच पुष्कळ मालकांना माहीत नसतं, कारण तो फळीमागं लपलेला असतो. पहिल्यांदा बोट हातात आली की तो कुठं आहे ते शोधून काढ.

सुक्या एक्झॉस्टबद्दल थोडक्यात. पाइपाला गुंडाळायला ॲस्बेस्टॉसची जुनी दोरी कुणी दिली तर घेऊ नकोस. तिचा धागा फुफ्फुसात जातो आणि कर्करोग होतो. काचतंतूची दोरी मिळते, तीच वापर, आणि तीही हातमोजे घालून. लाकडापासून पाइप लांब ठेव, छपरातून जातो तिथं धातूचं कडं हवं. पावसाळ्यात तोंडावर झाकण, पाइपाच्या सगळ्यांत खालच्या जागी निचऱ्याचा नळ. इंजिन आणि पाइप यांच्या मध्ये लवचीक बेलोज असेल तर त्यात तडा गेला का ते दर हंगामात बघ, कारण कंपन सगळं त्याच्यावर येतं.

ओला असो की सुका, जोडाजवळ काळी काजळी दिसली की ती गळती आधी बंद कर. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. रंग नाही, वास नाही. खलाशी केबिनमध्ये झोपलेले असतात, डोकं दुखतं, गुंगी येते, आणि ते उठत नाहीत. बोटीच्या केबिनमध्ये त्याचा अलार्म लावायला मालकाला सांग, तो ऐकेपर्यंत सांगत राहा. यात तुझं-माझं काही नाही, माणसं जगायला हवीत.

आता सुधारणांकडं येतो. मालक तुला म्हणेल, भाऊ, मोठं काहीतरी करून दे, इंजिन बदलूया, घोडे वाढवूया. घाई करू नकोस. आधी जे आहे ते नव्यासारखं कर, मगच पुढं. माझा क्रम असा आहे.

पहिली सुधारणा म्हणजे एक्झॉस्टच्या होजवर तापमानाचा अलार्म. इंजिनाच्या पाण्याचा मीटर हा धोका उशिरा दाखवतो, कारण आतलं गोडं पाणी तापायला वेळ लागतो. पण खारं पाणी थांबलं की धूर लगेच तापतो आणि रबरी होज जळायला लागतो. होजला बांधायचा सेन्सर ८० अंशांच्या आसपास ओरडला की तांडेलाला, म्हणजे बोट चालवणाऱ्याला, इंजिन बंद करायला वेळ मिळतो. ही फार स्वस्त सुधारणा आहे आणि हीच सगळ्यांत जास्त इंजिनं वाचवते. चालू इंजिनावर होजला हात लावला तर हात ठेवता आला पाहिजे. ठेवता येत नसेल तर पाणी कमी आहे, मीटर काहीही दाखवो.

दुसरी, एल्बो. मूळ ओतीव लोखंडाचा एल्बो स्वस्त असतो आणि खारट पाण्यात लवकर जातो. ३१६ एल दर्जाचा स्टेनलेस एल्बो जास्त टिकतो, पण वेल्डिंगवर सगळं अवलंबून आहे. वेल्डच्या खाचेत स्टेनलेसही कुजतं, म्हणून आतून बाहेरून सांधा नीट भरलेला बघून घे. तांबं आणि कांस्य एल्बोला नको. डिझेलमधलं गंधक धुरातून पाण्यात मिसळून आम्ल होतं आणि ते तांब्याला खातं. १ एप्रिल २०२० पासून पंपावरचं डिझेल बीएस-६ झालं, त्यात गंधक १० पीपीएम, आधीच्या बीएस-४ मध्ये ५० होतं. आम्ल त्यानं कमी झालं, तरी कांस्य एल्बोचा विचार माझ्या मनात येणार नाही.

तिसरी, होज आणि वॉटरलॉक. घोडे वाढवले की धूरही वाढतो. जुन्या मापाच्या होजमधून तो बाहेर काढायला इंजिनाला जोर लावावा लागतो. याला पाठदाब म्हणतात आणि तो मोजता येतो. एल्बोच्या आधी, जिथं धूर अजून सुका आहे, तिथं छोटं भोक पाडून आटे घे. लोखंडी नळीचा तुकडा लावून धूर निवू दे, मग पारदर्शक नळीत पाणी भरून यू आकारात टांग. पूर्ण लोडवर पाण्याच्या दोन पातळ्यांत किती फरक पडतो ते मोज. पुष्कळ साध्या इंजिनांना मर्यादा साधारण मीटरभराची असते, टर्बोच्या इंजिनांना त्याहून कमी. तुझ्या इंजिनाचा नेमका आकडा पुस्तिकेत असतो, तोच धर. फरक मर्यादेबाहेर असेल तर घोडे वाढवूनही बोट पळणार नाही, डिझेल मात्र जास्त पिईल.

वॉटरलॉक बदलताना फक्त बाहेरचा व्यास जुळतो का एवढं बघू नकोस. इंजिन बंद झाल्यावर मागच्या होजमधलं सगळं पाणी परत त्या डब्यात येतं. ते मावायला हवं आणि वर रिकामी जागा उरायला हवी. डबा एल्बोच्या खाली हवा, निदान ३० सेंटिमीटर, आणि एल्बोपासून होजला उतार सतत हवा. मध्ये झोळ पडला की तिथं पाणी साचतं. जुना होज बाहेरून ठणठणीत दिसतो, पण आतलं रबर सुटून झडपेसारखं आडवं येतं. टोकातून डोळा लावून बघ, हातानं दाब, कुठं मऊ लागला तर बदल.

चौथी सुधारणा वही. हिला पैसे लागत नाहीत. सगळं नवं असताना, एकाच ठरलेल्या आरपीएमवर, मागं पडणारं पाणी बादलीत धर आणि मिनिटाला किती लिटर येतं ते लिही. एल्बोच्या आधीचं आणि नंतरचं तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरनं घे, तेही लिही. पुढं दर महिन्याला तोच आरपीएम, तीच बादली. आकडा हळूहळू उतरायला लागला की इम्पेलर, जाळी, एक्स्चेंजर, एल्बो या क्रमानं बघत जा. बिघाड दिसण्याच्या आधी वही सांगते. मगदल्ल्याला मला हे एका म्हाताऱ्या ड्रायव्हरनं दाखवलं, त्यानंतर वहीशिवाय मी बोट हातात घेतली नाही.

महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. तुझं खरं काम त्या दोन महिन्यांतलं. बोट वर ओढली की त्याच दिवशी खाऱ्या पाण्याची सगळी वाट गोड्या पाण्यानं धुऊन काढ. आठवड्यानं करू म्हणालास तर मीठ आत सुकलेलं असेल. मग सगळं निचरव. इम्पेलर काढून ठेव, कारण एकाच जागी वाकून राहिलेल्या पाकळ्यांना तसाच बाक पडतो. काढलास की चावीच्या जुडग्याला चिठ्ठी बांध: इम्पेलर नाही, इंजिन चालू करू नये. नारळी पौर्णिमेच्या घाईत कुणीतरी चावी फिरवतंच. एल्बो उतरवून तपासायचा तो याच काळात. एक्झॉस्टच्या मागच्या तोंडाला तेलाचं फडकं कोंब, नाहीतर पावसाळी दमट हवा आत जाऊन व्हॉल्व्हला गंज धरतो. आतल्या गोड्या पाण्यात कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी टाक. आपल्याकडच्या बोअरचं जड पाणी चहाच्या पातेल्यात पांढरा थर बसवतं, ते इंजिनात काय करेल ते तुला वेगळं सांगायला नको. रत्नागिरीत पाणी मऊ लागलं तरी नळाचं टाकू नकोस. दोन वेगळ्या रंगांचे कूलंट एकत्र करू नकोस, गाळ होतो.

आउटबोर्ड मोटारींचं कामही येईल. त्यांच्या बाजूनं पाण्याची बारीक पिचकारी पडते. ती पडत नसेल तर तिथंच बंद कर. भोकात गाळ अडकला असेल तर बारीक तारेनं काढ. काम झालं की गोड्या पाण्याचा पाइप लावून धुवायची. एवढं पुरतं.

पोचलास की पहिल्या आठवड्यात एक काम कर. ज्या बोटीची जबाबदारी तुझ्याकडं येईल तिच्या पंपावरचा नंबर उतरवून घे, आणि डब्यात भरून बोटीवर ठेव: दोन इम्पेलर, झाकणाचं पॅकिंग, झाकणाचे जादा स्क्रू, जस्ताच्या दोन कांड्या, एक्झॉस्टच्या मापाचा हातभर होज, सहा क्लिपा, बेल्ट, लाकडी खुंटी, ग्लिसरीनची बाटली. डबा इंजिनाजवळ, सुक्या जागी, तांडेलाला दाखवून ठेव. मालक खर्चाला नाही म्हणाला तर त्याला सांग की हे सगळं मिळून ट्रॉलरच्या एका दिवसाच्या डिझेलइतकंही होत नाही. तो डबा बोटीवर चढल्याशिवाय बोट धक्क्यावरून सोडू देऊ नकोस.